तालमीत उलगडणारी गोष्ट

छत्रपती संभाजीनगरला जे काही मोठ्याने सांगायचे असते, ते क्रांती चौकात येऊन सांगितले जाते. १८५७ च्या उठावात सामील झालेल्या इथल्या छावणीतल्या सैनिकांच्या मृत्युदंडाची आठवण सांगणारा काळा चबुतरा इथलाच. ९ ऑगस्ट २०१६ रोजी पहिला मराठा क्रांती मोर्चा निघाला तोही याच चौकातून. शिवजयंतीला महाराजांच्या पुतळ्याभोवती ढोल-ताशे वाजत असतात आणि गर्दीत मावळ्यांच्या, जिजाऊंच्या वेशातली लहान मुले वडिलांच्या खांद्यावर बसलेली दिसतात. वेश चढला की मुलाची मान ताठ होते, आवाज बदलतो. पण वेश उतरल्यावर त्या मुलाकडे गोष्टीतले काय उरते? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर तालमीच्या खोलीत सापडते असे माझे मत आहे.

चौकातून उस्मानपुऱ्याकडे वळले की थोड्याच अंतरावर संत एकनाथ रंगमंदिर लागते. नाटकघराला एकनाथांचे नाव देणे अगदी योग्य आहे. सोळाव्या शतकातल्या या संताने भारुडांमधून जोशी, वासुदेव, गोंधळी, विंचू चावलेला माणूस अशी कितीतरी सोंगे बोलती केली. अध्यात्म सांगायला त्यांनी दुसऱ्याचे तोंड उसने घेतले, दुसऱ्याचा वेश, दुसऱ्याची बोली घेतली. शिकवण्यासाठी सोंग घेण्याची ही रीत मराठवाड्याच्या मातीतली आहे. एकनाथांचे पैठण इथून पन्नासेक किलोमीटरवर, आणि त्याच पैठणची एक त्याहून जुनी गोष्ट आहे. इथल्या शाळेतल्या मुलांनी एखादी अभिजात कथा रंगमंचावर आणायची ठरवली, तर मी सर्वांत आधी तीच सुचवीन.

पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. तिथल्या राजाच्या पदरी गुणाढ्य नावाचा पंडित होता आणि त्याने पैशाची भाषेत ‘बृहत्कथा’ नावाचा प्रचंड ग्रंथ रचला, अशी परंपरा सांगते. मूळ ग्रंथ काळाच्या ओघात हरवला. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात राणी सूर्यवतीसाठी रचलेला ‘कथासरित्सागर’ त्याच परंपरेतला. आपल्या ओळखीच्या वेताळाच्या पंचवीस गोष्टी त्यात आहेत. भासाचे ‘स्वप्नवासवदत्त’ किंवा हर्षाचे ‘रत्नावली’ ही नाटके ज्या उदयन राजाच्या कथेवर उभी आहेत, ती कथाही याच प्रवाहातली. म्हणजे या गोष्टी रंगमंचावर नेण्याचे काम आपल्याकडे हजार-दीड हजार वर्षांहून अधिक काळ चालले आहे. आणि ‘कथासरित्सागरा’च्या सुरुवातीलाच खुद्द गुणाढ्याची हकिगत येते.

तिची सुरुवात तळ्यात होते. सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करतो आहे. दमलेली एक राणी त्याला संस्कृतात विनवते की पाण्याने मारू नका. ‘मा’ आणि ‘उदकैः’ यांचा संधी होतो आणि राजाला ऐकू येते ‘मोदकैः’. तो घाईने मोदक मागवतो. राणी हसते, तुम्हाला साधा संधीही कळत नाही म्हणते, भोवतालचे लोकही हसतात. राजा ओशाळतो, महालात जाऊन पडून राहतो, कोणाशी बोलत नाही.

समजा, क्रांती चौकाच्या आसपासच्या एखाद्या शाळेत सातवीचा वर्ग हा प्रवेश बसवायला घेतो. वाचताना हा मजकूर मिनिटभरात संपतो आणि वर्ग हसून पुढे जातो. उभे राहून करायला घेतले की मात्र अडचणी सुरू होतात. राणी कशी हसते? प्रेमाने, की तिरस्काराने? दासी आधी हसतात, की राणीकडे बघून, परवानगी मिळाल्यासारख्या हसतात? राजाच्या हातात त्या क्षणी मोदकाचे ताट आहे. तो ते खाली ठेवतो, की कोणाच्या तरी हातात कोंबतो? यातले बहुतेक काही सोमदेवाने सांगितलेले नाही. गोष्ट सांगणाऱ्याला असे तपशील गाळता येतात, कारण ऐकणारा ते मनातल्या मनात अर्धवट भरून घेतो. रंगमंचावर अर्धवट काही चालत नाही. तिथे उभ्या असलेल्या मुलाला हात आहेत, पाय आहेत, आणि त्यांचे काय करायचे हे ठरवल्याशिवाय त्याला पुढचे वाक्यच बोलता येत नाही. मूळ कथेत जिथे जिथे मोकळी जागा आहे तिथे तिथे मुलाला स्वतःचा अर्थ लावावा लागतो. नाटकातून होणाऱ्या शिक्षणाचा गाभा माझ्या मते हाच.

या शहरात तर राजाची लाज समजावून सांगायची गरजच पडू नये. एकाच बाकावर इथे मराठवाडी बोली, दखनी उर्दू, पुस्तकातली मराठी आणि शिकवणीतली इंग्रजी शेजारी शेजारी बसतात. चुकीचा उच्चार करून वर्गाचा हशा झेललेले मूल प्रत्येक वर्गात असते. तेच मूल राजा झाले, तर अंथरूण धरून पडलेल्या माणसाला काय वाटते हे ते दाखवू शकते. आणि कालपर्यंत हसणारे मूल त्याच्या जागी उभे राहिले, तर हसण्याचे टोक कुठे लागते ते त्यालाही कळते. म्हणून भूमिका पहिल्याच दिवशी वाटून टाकू नयेत. निदान पहिले काही दिवस तरी राजा, राणी, दासी या भूमिका सगळ्यांमध्ये फिरत राहाव्यात.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की याने १९३३ च्या एका व्याख्यानात मुलांच्या खेळाबद्दल एक गोष्ट मांडली होती. सोंगाचा खेळ मनमोकळा दिसतो, पण त्यात नियम असतात. आई झालेल्या मुलीला आईसारखेच वागावे लागते, रडू आले तरी. स्वतःच्या इच्छेला मुरड घालून भूमिकेचा नियम पाळताना मूल त्याच्या नेहमीच्या वयापेक्षा मोठे वागते, असे त्याचे म्हणणे. नाटकाची तालीम हा याच खेळाचा शिस्तबद्ध प्रकार आहे.

पण हे सगळे खरोखर घडते का, की नाटकवेड्या लोकांची ती समजूत आहे? यावर बरेच संशोधन झाले आहे, आणि ते नीट वाचले तर उत्साहालाही थोडा लगाम बसतो. ‘कलांमुळे मुले हुशार होतात’ अशा दाव्यांची छाननी अमेरिकेत एलन विनर आणि लोइस हेटलँड यांच्या प्रकल्पाने २००० साली केली. बहुतेक दावे त्या छाननीत टिकले नाहीत. टिकलेल्या मोजक्यांपैकी एक होता वर्गातल्या नाट्यीकरणाचा. त्याच प्रकल्पात ॲन पॉडलोझ्नी यांनी ८० अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. वर्गात गोष्ट करून पाहिलेल्या मुलांना ती गोष्ट अधिक चांगली समजते आणि आठवते, हे त्यात दिसलेच. पण त्यांनी कधीच न केलेली, नवी गोष्टही त्यांना अधिक चांगली समजू लागते, हेही दिसले. मला हा दुसरा भाग फार मोलाचा वाटतो. ‘इथे माणूस असे का बोलला’ हे विचारायची सवय एका गोष्टीत लागते आणि दुसरीत उपयोगी पडते.

टोरोंटोत ग्लेन शेलेनबर्ग यांनी १४४ सहा वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना वर्षभर संगीत शिकवले, काहींना नाटक, काहींना काहीच नाही. बुद्ध्यांकात थोडी जास्त वाढ संगीत शिकणाऱ्यांची झाली. नाटकवाल्यांची तशी झाली नाही. मात्र लोकांत मिसळून वागण्याची समज नाटकाच्या गटात वाढली, ती इतरांत दिसली नाही. थालिया गोल्डस्टीन आणि विनर यांच्या २०१२ च्या अभ्यासात वर्षभर अभिनय शिकलेल्या मुलांची सहानुभूती इतर कला शिकणाऱ्यांपेक्षा अधिक वाढलेली आढळली. तेव्हा नाटकाने गणिताचे गुण वाढतील असे पालकांना सांगू नये. नाटकाला त्या शिफारशीची गरज नाही.

पाठांतराची गोष्ट वेगळी. पालकांना धास्ती असते ती ‘डायलॉग’ पाठ होतील की नाहीत याची, म्हणून घरी घोकंपट्टी सुरू होते. हेल्गा आणि टोनी नॉइस या जोडप्याने (ती मानसशास्त्रज्ञ, तो नट) अनुभवी नट लांबलचक भूमिका कशा लक्षात ठेवतात हे वर्षानुवर्षे अभ्यासले. नट घोकत नाहीत, असे त्यांना आढळले. हे वाक्य बोलून मला समोरच्याकडून काय हवे आहे, हे ते प्रत्येक वाक्याला विचारतात, आणि वाक्य त्या हेतूला चिकटून राहते. हालचालीबरोबर बोललेली वाक्ये नुसत्या बोललेल्या वाक्यांपेक्षा पुढे कित्येक महिने अधिक चांगली आठवतात, हेही त्यांनी दाखवले. म्हणून मुलांना संहिता हातात देऊन ‘पाठ करून या’ म्हणणे ही उलटी सुरुवात झाली. आधी उभे करावे, हालचाली बसवाव्यात; शब्द मागून येतात.

किंबहुना संहिता हवीच असे कुठे आहे? मराठी रंगभूमीची सुरुवात जिथून मोजतो त्या विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’त, १८४३ साली सांगलीत, सूत्रधार पदे गाऊन कथा पुढे नेत असे आणि पात्रे आपली गद्य भाषणे त्या त्या वेळी स्वतः रचून बोलत. ओळखीची पौराणिक कथा, तिचा धागा एका जाणत्याच्या हातात, आणि बोलणे ज्याचे त्याचे. शाळेसाठी यापेक्षा चांगली पद्धत मला माहीत नाही. शिक्षकाने सूत्रधार व्हावे, कथा भरकटू लागली की सावरावी आणि संवाद मुलांवर सोडावेत. इंग्लंडच्या डोरोथी हीथकोट यांनी विसाव्या शतकात नाट्यशिक्षणात मोठे काम केले ते शिक्षकाने स्वतःच भूमिका घेऊन गोष्टीत शिरण्याच्या पद्धतीवर. आपल्या सूत्रधाराला ही कल्पना परकी वाटली नसती.

पुन्हा गुणाढ्याकडे जाऊ. लाजलेल्या राजाला आता व्याकरण शिकायचे आहे. गुणाढ्य म्हणतो, बारा वर्षे लागतात, पण मी सहा वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा नावाचा दुसरा पंडित म्हणतो, मी सहा महिन्यांत. गुणाढ्य चिडून पैज लावतो: तू हे केलेस तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा मी सोडीन. शर्ववर्मा म्हणतो, नाही जमले तर बारा वर्षे तुझ्या पादुका डोक्यावर वाहीन. कार्तिकेयाच्या कृपेने शर्ववर्म्याला ‘कातंत्र’ हे सोपे व्याकरण मिळते आणि राजा सहा महिन्यांत शिकतो.

सातवीच्या वर्गात हा प्रवेश रंगणारच, कारण शिकवणी लावलेल्या प्रत्येक मुलाने ही भाषा ऐकलेली असते. झटपट शिकवणारा बरोबर की सावकाश शिकवणारा? मुले इथे दोन तट पाडतात आणि शिक्षकाने त्यांना भांडू द्यावे. गुणाढ्य गर्विष्ठ आहे की शब्दाला जागणारा? ‘कातंत्र’ हा खराखुरा व्याकरणग्रंथ आहे, तो शतकानुशतके शिकवला गेला, हे त्या भांडणाच्या मध्येच सांगितले तर इतिहासाचा तास वेगळा घ्यावा लागत नाही.

आणि मग येतो या नाटकातला सर्वांत अवघड भाग. पैज हरलेला गुणाढ्य बोलू शकत नाही. तो तिन्ही भाषा सोडून विंध्याच्या अरण्यात निघून जातो. राजाचा निरोप त्याला शब्दांवाचून घ्यावा लागतो. एरवी ज्याला जास्त ‘डायलॉग’ तो हिरो, असा हिशेब करणाऱ्या मुलांपुढे इथे नायकच मुका उभा आहे. त्याने मान खाली घालावी की ताठ ठेवावी, निघताना राजाकडे बघावे की नाही, यावर अख्खी तालीम जाईल. जावी.

अरण्यात तो पैशाची शिकतो, शाई मिळत नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने सात वर्षे लिहितो. सात लाख श्लोकांचा ग्रंथ दोन शिष्य राजाकडे नेतात. भाषा पिशाचांची, अक्षरे रक्ताची, म्हणून राजा तो झिडकारतो. मग गुणाढ्य एका टेकडीवर अग्नी पेटवतो आणि एकेक पान मोठ्याने वाचून आगीत टाकत जातो. ऐकायला रानातले प्राणी जमतात, हरणे, रानडुकरे, रेडे. चरणे विसरतात, डोळ्यांत पाणी आणून उभे राहतात. इकडे राजा आजारी पडतो. वैद्य म्हणतात, मांस सुकलेले असते. आचारी शिकाऱ्यांवर ढकलतात, शिकारी म्हणतात, तिकडे एक ब्राह्मण गोष्ट वाचून पाने जाळतो आहे आणि जनावरे खाणे सोडून ती ऐकताहेत. राजा धावत जातो तोवर सहा लाख श्लोक जळालेले असतात. शिष्यांना आवडली म्हणून वाचलेली एक लाख श्लोकांची नरवाहनदत्ताची कथा तेवढी त्याच्या हाती लागते.

शाळेच्या नाटकात लाजाळू मुलांना झाड करतात. या गोष्टीत त्यांना ऐकणारे प्राणी करता येते, आणि ही भूमिका झाडाहून कितीतरी मोठी आहे, कारण सगळा प्रवेश त्यांच्यावर उभा आहे. गुणाढ्य कितीही छान वाचो, प्राणी खरोखर ऐकत नसतील तर प्रेक्षकांचा विश्वास बसणार नाही. रंगमंचावर ऐकणे हे बोलण्यापेक्षा कठीण, हे कुठलाही नट सांगेल. एकही वाक्य नसलेल्या मुलाला रोज तालमीत तीच गोष्ट पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकावी लागते. वैद्य, आचारी आणि शिकारी यांचा जबाबदारी ढकलण्याचा प्रवेश मात्र मुले एका दिवसात बसवतात. त्याला कोणाचीही मदत लागत नाही.

या कामासाठी भाड्याचे पोशाख, एलईडी पडदा यांतले काही लागत नाही. उपरणे, ओढणी, घरातली ताटे, आगीसाठी हलणारी केशरी साडी पुरते. जे लागते ते म्हणजे वेळ, आणि तोच दिला जात नाही. स्नेहसंमेलन तोंडावर आले की घाईघाईने नाटक उभे केले जाते. संवाद आधीच ध्वनिमुद्रित करून घेतात, तेही बऱ्याचदा मोठ्यांच्या आवाजात, आणि मुले त्यावर नुसते ओठ आणि हात हलवतात. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जावा, गोंधळ होऊ नये, पालकांनी काढलेला व्हिडिओ चांगला यावा, ही कारणे मला समजतात. पण ध्वनिमुद्रण चालू झाले की मुलाला थांबता येत नाही, चुकता येत नाही, समोरच्याने वाक्य विसरल्यावर सावरून घेता येत नाही. जिथे शिकणे होणार होते नेमकी तीच जागा काढून घेतली जाते. मुलांचा आवाज लहान असेल तर प्रेक्षकांनी खुर्च्या पुढे घ्याव्यात.

मराठीत बालरंगभूमीची परंपरा मोठी आहे. १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले आणि मुलांच्या नाटकालाही मोठ्यांच्या नाटकाइतकेच देखणे नेपथ्य आणि तितकीच मेहनत मिळाली पाहिजे, हे दाखवून दिले. विजय तेंडुलकर, सई परांजपे यांच्यासारख्या लेखकांनी मुलांसाठी मनापासून लिहिले. पुण्यात मोहन आगाशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ची पद्धत आणली, ज्यात मोठी माणसे मुलांच्या भूमिका करतात. हे मुलांसाठीचे नाटक झाले, आणि ते हवेच. मुलांनी स्वतः केलेले नाटक ही त्याची बहीण. मुंबईत सुलभा देशपांडे यांनी ‘चंद्रशाळे’त ती जोपासली; मतकरींनी उतारवयात ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांना ‘वंचितांचा रंगमंच’ मिळवून दिला, तिथे मुले स्वतःच्या आयुष्यातल्या गोष्टी स्वतः रचून करू लागली. राज्य शासनाची बालनाट्य स्पर्धा होते, तिने गावोगावच्या मुलांना खरा रंगमंच दिला, हे तिचे श्रेय. तिथे मोठ्यांनी लिहिलेली, संदेशाच्या ओझ्याने वाकलेली नाटके मुलांच्या तोंडी दिसतात तेव्हा वाईट वाटते. गुणाढ्याच्या गोष्टीला संदेश चिकटवावा लागत नाही. शेवटी राजा दोषी, की गुणाढ्य, की शर्ववर्मा, यावर वर्गाचे एकमत होणार नाही, आणि तसेच प्रेक्षकांपुढे जावे.

विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग या शहरात आहे, त्यातून तयार झालेले रंगकर्मी आहेत. एखाद्या शाळेने त्यांच्यापैकी कोणाला आठवड्यातून एक तास बोलावले आणि जूनपासून तालीम सुरू केली, तर जानेवारीपर्यंत घाई न करता नाटक उभे राहते.

शाळेची अजिंठ्याची सहलही साधारण याच सुमारास निघते. शंभर किलोमीटर बस, मग लेण्यांमधून भरभर फिरणे, फोटो, डबा, परत. तिथल्या भिंतींवर जातककथा रंगवलेल्या आहेत. सहा सुळ्यांच्या हत्तीचे छद्दंत जातक दहाव्या आणि सतराव्या, अशा दोन्ही लेण्यांत आहे. मागच्या जन्मीच्या मत्सरापायी राणी शिकाऱ्याकरवी त्या हत्तीचे सुळे आणवते, आणि ते समोर आल्यावर तिला सोसवत नाही. दुर्गा भागवतांच्या ‘सिद्धार्थ जातका’मुळे ही कथा मराठीत वाचायला मिळते. दुसऱ्या वर्षी वर्गाने ही गोष्ट घ्यावी, सुळे पाहिल्यावर राणी नेमकी कशी कोसळते यावर तालमीत मनसोक्त वाद घालावा, आणि सहल त्यानंतर काढावी. दहाव्या लेण्यात चित्रकाराने हाच क्षण रंगवला आहे. त्याने राणीला कसे बसवले, दासींना कुठे उभे केले, हे बघायला ती मुले भिंतीपुढे गर्दी करतील, आणि गाइडला त्यांच्या प्रश्नांसाठी थांबावे लागेल.